ब्लॅकआउट: श्वास रोखून बुडी मारणाऱ्याची शुद्ध वर आल्यावरच का हरपते, आणि सोबतचा ‘बडी’ नेमका कशासाठी असतो?

निळंशार पाणी, पायाला लांबलचक फिन्स, आणि एका श्वासात सरळ खाली जाणारा माणूस. पाठीवर सिलिंडर नाही, तोंडातून बुडबुडे नाहीत. असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येऊन गेले असतील. याला फ्रीडायव्हिंग म्हणतात. हातात भाला सोडणारी बंदूक घेऊन त्याच पद्धतीने मासे टिपले, तर ते स्पिअरफिशिंग.

रीलमध्ये एक माणूस दिसत नाही, तो म्हणजे कॅमेरा धरणारा. पाहणाऱ्याला वाटतं, सोबत कुणीतरी आहे म्हणजे काळजी नाही. पण ज्याचं लक्ष फ्रेमकडे आहे तो शूटिंग करतोय, राखण करत नाहीये. या दोन गोष्टींमधला फरक जिवावर बेतू शकतो. कारण या खेळातला सगळ्यात मोठा धोका शार्क किंवा पाण्याचा प्रवाह नसून ‘ब्लॅकआउट’ आहे. ऑक्सिजन कमी पडल्यामुळे माणसाची शुद्ध हरपते, आणि ती हरपणार आहे हे त्याला स्वतःला कळत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. हे ब्लॅकआउट तळाशी फार क्वचित होतात. बहुतेक वेळा ते वर येतानाच्या शेवटच्या काही मीटरमध्ये होतात, किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यानंतर. म्हणजे माणूस वर पोहोचतो, हवा समोर असते, आणि तेव्हाच तो जातो.

धोक्याची घंटा भलत्याच वायूला बांधलेली आहे

श्वास रोखून बसलात की थोड्या वेळाने छातीत कासावीस होतं, पोटाचे स्नायू आपोआप आचके देऊ लागतात. आपल्याला वाटतं, ऑक्सिजन संपत आला म्हणून असं होतंय. प्रत्यक्षात ही तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. मेंदूतलं श्वासाचं केंद्र रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर बारीक नजर ठेवून असतं. ऑक्सिजन कमी झाल्याची जाणीव त्या मानाने फारच मंद आणि उशिरा होते.

जमिनीवर याने काही बिघडत नाही. एक वायू वाढतो तसा दुसरा कमी होतो, त्यामुळे एकाच्या मापावरून दुसऱ्याचा अंदाज बरोबर येतो. घोळ होतो तो या दोघांची जोडी तुटली की.

ती तोडायचा सोपा मार्ग म्हणजे बुडी मारण्याआधी भराभर, खोल श्वास घेणं. याला हायपरव्हेंटिलेशन म्हणतात. असं केल्याने छातीत जास्त ऑक्सिजन भरला जातो, असा समज आहे. पण निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९७-९८ टक्के भरलेलं असतं. भरलेल्या हंड्यात आणखी किती पाणी मावणार? ऑक्सिजनमध्ये जवळपास काही भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने बाहेर टाकला जातो. मग खाली गेल्यावर तगमग उशिरा सुरू होते आणि डायव्हरला वाटतं, आज दम छान टिकतोय. खरं तर दम तेवढाच आहे, फक्त घंटा बंद केली आहे.

त्यात आणखी दोन तोटे. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहज सोडत नाही. म्हणजे असलेला ऑक्सिजनही मेंदूच्या वाट्याला कमीच येतो.

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्ये पाण्याखाली पोहताना बेशुद्ध पडलेल्या लोकांच्या घटना गोळा करून अभ्यासल्या. त्यातून वाचलेल्यांच्या सांगण्यात एक समान धागा होता. पाण्यात उतरण्याआधी त्यांनी भराभर श्वास घेतले होते, डोळ्यासमोर काहीतरी लक्ष्य होतं, आणि शुद्ध हरपण्याआधी ठळक असा इशारा मिळाला नव्हता. या गोष्टीला आता साठ वर्षांहून जास्त काळ लोटला. तरीही पोहण्याच्या तलावाच्या काठावर भात्यासारखा श्वास भरून ‘बघ, अख्खी लांबी मारतो’ म्हणणारी मुलं आजही दिसतात.

आपल्याकडे हा मुद्दा थोडा जास्तच लागू पडतो. गावाकडे विहिरीचा तळ गाठून मूठभर गाळ वर आणायची पैज अनेकांनी लावलेली असते, आणि कपालभाती किंवा भस्त्रिका करून दम वाढतो, असंही अनेकांनी ऐकलेलं असतं. सतरंजीवर बसून प्राणायाम करण्याबद्दल इथे काही म्हणणं नाही. पण भस्त्रिकेसारखा वेगवान श्वास पाण्यात उतरण्याच्या आधी घेतला, तर शरीराच्या दृष्टीने ते हायपरव्हेंटिलेशनच आहे. बर्फाच्या पाण्यात बसायच्या व्हिडिओंमुळे गाजलेल्या श्वासाच्या पद्धतींनाही तेच लागू होतं. बोटांच्या टोकांना किंवा ओठांना मुंग्या येणं, डोकं हलकं वाटणं ही त्याची खूण. असं वाटलं तर बुडी रद्द करायची आणि काही मिनिटं नेहमीसारखा शांत श्वास घेत थांबायचं.

शेवटचे दहा मीटर

आता दुसरं कोडं. तळाशी ठीक असलेला माणूस वर आल्यावर का कोसळतो?

उत्तर दाबात आहे. पृष्ठभागावरचा दाब १ धरला, तर १० मीटर खोलीवर तो दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. फुप्फुसातली हवा त्या दाबाने आकसते, आणि त्यातला ऑक्सिजन तेवढ्याच जोराने रक्तात ढकलला जातो. मेंदूला टक्केवारीशी देणंघेणं नसतं. त्याच्यासाठी हा जोर महत्त्वाचा.

एक हिशेब करून पाहू. साधा श्वास घेताना फुप्फुसाच्या आत साधारण १४ टक्के ऑक्सिजन असतो. समजा, २० मीटरवर मासा शोधता शोधता तो ४ टक्क्यांवर आला. तिथे दाब तिप्पट, म्हणून त्या ४ टक्क्यांचा जोर पृष्ठभागावरच्या १२ टक्क्यांइतका असतो. डोकं शाबूत, नजर स्वच्छ, सगळं झकास. वर यायला निघालं की १० मीटरवर तोच जोर ८ टक्क्यांइतका उरतो. आणि पृष्ठभागावर? उरले फक्त ४. या पातळीला शुद्ध टिकणं कठीण. वर येताना पाय मारण्यात जो ऑक्सिजन खर्च झाला, तो यात धरलेलाच नाही. वेळ आली तर प्रवाह उलटाही होतो, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन परत फुप्फुसात ओढला जातो.

३० मीटरवरून २० वर येताना दाब फक्त पाव भागाने कमी होतो. १० मीटरवरून वर येताना तो निम्म्यावर येतो. म्हणून सगळ्यात मोठी घसरण शेवटच्या टप्प्यात, जिथे उजेड वाढलेला असतो, वरची होडी दिसत असते आणि माणसाला वाटतं की आता पोहोचलोच.

डोकं बाहेर आल्यावरही सुटका झाली असं नाही. पहिल्या श्वासातला ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूपर्यंत जायला काही सेकंद लागतात. तोपर्यंत मेंदूला खालून आलेल्या रिकाम्या रक्तावरच भागवावं लागतं. त्यातच बाहेर आल्याआल्या माणसाने ‘हुश्श’ करून सगळी हवा सोडली, तर फुप्फुसातला दाब आणखी पडतो. म्हणून फ्रीडायव्हिंग शिकवताना वर आल्यावरचा श्वास वेगळा शिकवला जातो: थोडीशी हवा सोडायची, झटकन पूर्ण श्वास भरायचा, क्षणभर धरायचा, पुन्हा थोडी सोडायची. असं निदान तीन-चार वेळा. दिसायला ही क्षुल्लक गोष्ट आहे, पण प्रशिक्षक ती प्रत्येक बुडीनंतर घोटून घेतात, अगदी ३ मीटरच्या बुडीनंतरसुद्धा, आणि ते योग्यच आहे. डोकं जागेवर नसतं तेव्हा फक्त सवय कामाला येते.

स्पर्धांमध्येही हे मान्य केलेलं आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयडा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार खोली गाठून वर येणं पुरेसं नसतं. बाहेर आल्यावर १५ सेकंदांच्या आत चेहऱ्यावरची साधनं काढायची, हाताने ‘ओके’ची खूण करायची आणि ‘आय ॲम ओके’ असं म्हणायचं. यात गडबडला तर बुडी बाद.

मासा समोर आला की हिशेब बिघडतो

नुसतं फ्रीडायव्हिंग करणारा दोरीच्या कडेने खाली जातो, ठरलेल्या खोलीला वळतो आणि वर येतो. स्पिअरफिशिंगमध्ये दोरी नाही, ठरलेली खोली नाही, आणि कधी वळायचं हे मासा ठरवतो.

भूमध्य समुद्रातल्या शिकाऱ्यांची एक जुनी पद्धत आहे. तळाशी खडकाआड निपचित पडून राहायचं, मासा कुतूहलाने जवळ येईपर्यंत. हालचाल नसल्यामुळे ऑक्सिजन हळूहळू खर्च होतो, मन शांत असतं, दाबामुळे तगमगही फारशी जाणवत नाही. नेमका मासा येतो तो दम सरत आल्यावर. ‘आणखी पाच सेकंद’ असं वाटतं. मग नेम, भाला, झटापट, आणि छातीत काहीच शिल्लक नसताना वरचा प्रवास. ब्लॅकआउटसाठी याहून चांगली तयारी कुणी मुद्दाम करूनही होणार नाही.

ग्रुपरसारखा मासा, म्हणजे आपल्याकडचा हेकरू, भाला लागल्यावर कपारीत घुसतो आणि अंग फुगवून अडकून बसतो. तो काढायला पुन्हा खाली जावं लागतं. मग पुन्हा. मासा सुटेल, शार्क येऊन तोडेल या घाईत दोन बुड्यांमधली विश्रांती आखडते. दिवसभर नियम पाळणारा माणूस एका माशापायी दहा मिनिटांत सगळे नियम मोडतो.

यावर उपाय शिस्तीपेक्षा साधनांत शोधलेला बरा. बंदूक लांब दोरीने वर तरंगणाऱ्या बोयाला बांधलेली असेल, तर भाला लागल्यानंतर बंदूक सोडून द्यायची आणि मोकळ्या हाताने वर यायचं. मासा दोरीला आहे, तो कुठे जात नाही. शांतपणे श्वास घेऊन मग तो वरून ओढता येतो. ज्याला बंदूक सोडायची भीती वाटते, तो वेळ आल्यावर कमरेचा वजनाचा पट्टाही सोडत नाही. एवढ्याशा शिशासाठी आणि तेवढ्याशा पैशांसाठी माणसं पट्टा धरून राहतात, हे अनेक शोधपथकांनी पाहिलेलं आहे.

पट्ट्याचा विषय निघाला म्हणून सांगायला हवं. सूट घातल्यावर शरीर तरंगतं, म्हणून कमरेला शिसं बांधतात. ते किती असावं, यावर ब्लॅकआउटनंतर काय होणार हे ठरतं. वजन योग्य असेल तर डायव्हर साधारण १० मीटरवर ना तरंगतो ना बुडतो, आणि त्याच्या वर आपोआप पृष्ठभागाकडे येतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यात शुद्ध गेली तरी शरीर वर येतं, जोडीदाराच्या हाताशी. ‘पटकन खाली जाता येतं’ म्हणून दोन किलो जास्त बांधणारा माणूस त्याच क्षणी परत तळाकडे जायला लागतो. पट्टा रबरी असावा आणि त्याचं बक्कल एका हाताने, एका झटक्यात सुटणारं हवं. जोडीदाराचं बक्कल कसं सुटतं, हे पाण्यात उतरायच्या आधी हात लावून पाहायचं.

‘बडी’ म्हणजे कोण नाही

स्पिअरफिशिंग करणाऱ्यांमध्ये एक उपहासाचा शब्दप्रयोग आहे, ‘एकच दिवस, एकच समुद्र’वाले बडी. दोघं एका होडीतून जातात, दोघं पाण्यात उतरतात, एक या खडकावर आणि दुसरा त्या. तासाभराने भेटू. बुडणाऱ्याच्या दृष्टीने हे दोघं एकेकटेच आहेत. ब्लॅकआउट झालेल्याला वाचवण्यासाठी हातात काही सेकंद, फार तर दोन-चार मिनिटं असतात. शंभर मीटरवर असलेला मित्र बातमी घेऊन घरी जाऊ शकतो, तेवढंच.

खऱ्या जोडीचा नियम एका ओळीत बसतो: एक वर, एक खाली. एक जण बुडी मारतो तेव्हा दुसरा पृष्ठभागावर त्याच्या डोक्यावरच असतो, तोंड पाण्यात, नजर खाली. तो मासे शोधत नाही, बंदूक भरत नाही, व्हिडिओ काढत नाही. म्हणूनच अनेक जाणती मंडळी दोघांत मिळून एकच बंदूक नेतात. तुमच्या हातात बंदूक नसेल तर लक्ष ठेवण्यावाचून दुसरं काम उरत नाही. एका दिवसात मासे कमी मिळतात, हे खरं. या नियमाला होणारा विरोधही बहुतेक याच कारणाने असतो.

वर असलेल्याने काय पाहायचं? वर येणाऱ्याच्या पायांची लय. ती अचानक घाईची झाली, किंवा मधेच मंदावली. डायव्हर सारखा वर बघतोय, हात पट्ट्याकडे जातोय. आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे पाण्याखाली असतानाच तोंडातून हवेचे मोठे बुडबुडे सुटणं. यांपैकी काहीही दिसलं की वाट पाहायची नाही, खाली जाऊन भेटायचं. बुडी जरा खोल असेल तर तशी खूण नसतानाही सोबती साधारण १० मीटरवर सामोरा जातो आणि समोरासमोर, डोळ्यांत बघत वर येतो. पाठीमागून येण्यात अर्थ नाही, कारण डोळे काचेसारखे झालेत का, हे पाठीवरून कळत नाही.

डायव्हर वर आल्यावर निदान ३० सेकंद हाताच्या अंतरावर थांबायचं. तो बोलला, हसला, अंगठा दाखवला तरी. ‘बरा आहेस ना?’ या प्रश्नाला हो म्हणून लगेच मान टाकलेली माणसं आहेत. ओठ निळे दिसणं, मान डुलणं, हातपाय थरथरणं, बोलणं अडखळणं ही ब्लॅकआउटच्या उंबरठ्यावरची अवस्था असते. फ्रीडायव्हर तिला गमतीने ‘सांबा’ म्हणतात, कारण माणूस नाचल्यासारखा झटके देतो. तेव्हा त्याचं तोंड आणि नाक पाण्याबाहेर धरून ठेवायचं, एवढंच काम असतं.

मग पाळी बदलण्याआधी विश्रांती. जेवढा वेळ पाण्याखाली, निदान त्याच्या दुप्पट वेळ वर. दीड मिनिटाची बुडी असेल तर तीन मिनिटं. खोली वाढली तर त्याहूनही जास्त. घड्याळ कुणाच्या हातात? वर थांबलेल्याच्या. ज्याला मासा दिसलाय त्याच्यावर हे सोपवून चालत नाही. दोघं आळीपाळीने बुड्या मारत असतील तर हा नियम जवळजवळ आपोआप पाळला जातो, हा या पद्धतीचा आणखी एक फायदा.

पाणी किती स्वच्छ आहे, यावरही जोडी टिकते. वरून तळ दिसत नसेल तर सोबती नजर कशावर ठेवणार? कोकण किनाऱ्यावर बहुतेक वेळा पाणी गढूळ असतं. अशा वेळी दिसतं तेवढ्याच खोलीवर बुडी मारायची, नाहीतर सरळ पोहायला जायचं.

जोडीदाराचाही श्वास एकच असतो

मदतीला जाणारासुद्धा श्वास रोखूनच जातो. इजिप्तमधल्या दाहाब गावाजवळ ‘ब्लू होल’ नावाची समुद्रातली खोल विहीर आहे. तिच्या भिंतीत सुमारे ५५ मीटर खोलीवर बाहेरच्या समुद्रात उघडणारी कमान आहे. २२ जुलै २०१७ रोजी इटलीची विक्रमवीर अलेस्सिया झेक्किनी एका श्वासात त्या कमानीतून पलीकडे जायच्या प्रयत्नात होती. तिला पलीकडे भेटून वर आणण्याची जबाबदारी आयर्लंडच्या स्टीफन कीनन याच्यावर होती. तो या कामातला जगातल्या सर्वोत्तम माणसांपैकी एक मानला जाई. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या क्षणी भेट झाली नाही. झेक्किनी वर जाणाऱ्या दोरीपासून भरकटली. कीनन तिच्यापर्यंत पोहोचला आणि तिला घेऊन वर आला. ती वाचली. तो स्वतः मात्र काही अंतरावर पालथा तरंगताना सापडला. वय ३९. या घटनेवरचा ‘द डीपेस्ट ब्रेथ’ हा माहितीपट २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

सुट्टीच्या दिवशी १२ मीटरवर मासे मारणाऱ्याचा दाहाबशी काय संबंध, असं वाटू शकतं. संबंध असा, की तुमची खोली तुम्ही ठरवत नाही, तुमचा जोडीदार ठरवतो. तो दमलेला असताना, न ठरवता, जिथून तुम्हाला उचलून आणू शकेल तेवढीच तुमची मर्यादा. एक जण २५ मीटरचा आणि दुसरा ८ मीटरचा असेल, तर ती जोडी ८ मीटरचीही नाही, त्याहून थोडी कमी आहे. तिसरा माणूस सोबत असेल तर खूपच बरं, कारण मग वाचवणाऱ्यावरही नजर राहते.

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायकांनी हे सगळं दाब आणि टक्क्यांच्या हिशेबाशिवाय ओळखलं होतं. या बायका ऑक्सिजनशिवाय सुमारे १० मीटरपर्यंत बुड्या मारून शंखशिंपले आणि समुद्री शेवाळ काढतात. त्यांच्या परंपरेचा समावेश २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत झाला. त्या घोळक्याने समुद्रात जातात, अनुभवानुसार त्यांच्या तीन पायऱ्या असतात, आणि जाणत्या बायका बाकीच्यांना वळण लावतात. वर आल्यावर प्रत्येकीच्या तोंडून शिट्टीसारखा आवाज निघतो, तो त्यांचा श्वास. आणि पाण्यात घेतला जाणारा श्वास, म्हणजे आणखी एक शिंपला काढायच्या हावेपायी दम संपल्यावर घेतला गेलेला, यासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे: ‘मुलसुम’. पाण्याचा श्वास. मुलींना पहिल्यांदा समुद्रात नेतानाच तो शब्द शिकवला जातो.

ब्लॅकआउट झालाच तर

घाबरण्याआधी एक दिलासा. शुद्ध हरपली की बहुतेकांचा घसा आपोआप आवळून बंद होतो आणि पाणी लगेच फुप्फुसात जात नाही. हा अवधी थोडा असतो, पण तेवढ्यात चेहरा हवेत आला तर बरेच जण काही सेकंदांत स्वतःच श्वास घेतात. सगळी धडपड या थोड्या अवधीसाठी.

पाण्याखाली सापडला तर एक हात डोक्याच्या मागे, दुसरा हनुवटीखाली, तोंड मिटलेलं राहील असं धरून वर आणायचं. मास्क तेव्हा काढायचा नाही, तो नाकात पाणी जाऊ देत नाही. वजनाचा पट्टा सोडून द्यायचा. (स्नॉर्कल बुडी मारण्याआधीच तोंडातून काढायची सवय असावी. ती तोंडात राहिली तर पाण्याला सरळ घशापर्यंत रस्ता मिळतो.)

वर आल्यावर त्याला उताणा करायचं, मास्क काढायचा, हनुवटी वर उचलून श्वासनलिका मोकळी ठेवायची. मग तीन गोष्टी: डोळ्यांच्या खाली, गालांवर जोरात फुंकर मारायची, गालावर थापट्या द्यायच्या, आणि नावाने हाक मारून ‘श्वास घे’ असं सांगायचं. हे सांगणं वेडेपणाचं वाटेल, पण ऐकू येण्याची शक्ती सगळ्यात शेवटी जाते, असं मानून ते शिकवलं जातं. काही सेकंदांत श्वास सुरू झाला नाही, तर तिथेच, पाण्यातच, तोंडाने दोन श्वास द्यायचे आणि होडीकडे किंवा काठाकडे ओढत न्यायचं. जमिनीवर आल्यावर श्वास आणि नाडी नसेल तर सीपीआर. बुडालेल्याच्या बाबतीत फक्त छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वास देणं गरजेचं असतं, कारण इथे कमतरताच ऑक्सिजनची आहे. भारतात ११२ किंवा १०८ ला फोन करायचा. होडीवर ऑक्सिजन असेल तर तो द्यायचा. पोटातलं पाणी काढायला पालथं घालणं, पोट दाबणं यात अमूल्य वेळ जातो.

हे वाचून येत नाही, हातानेच यावं लागतं. फ्रीडायव्हिंगच्या अगदी पहिल्या कोर्समध्ये हा बचाव शिकवतात आणि तो अंदमानपासून गोव्यापर्यंत आता काही ठिकाणी करता येतो. तारकर्लीला स्कूबा केलंय म्हणून हेही जमेल, असं मात्र नाही. स्कूबामध्ये श्वास कधीच रोखायचा नसतो, तिथले नियम वेगळे. आणि स्कूबा करून आल्यावर त्याच दिवशी श्वास रोखून खोल बुड्या मारणंही टाळायचं असतं, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन तोवर बाहेर पडलेला नसतो.

शुद्धीवर आलेला माणूस पुढे काय करतो, हे माहीत असलेलं बरं. पुष्कळदा त्याला काहीच आठवत नाही. तो म्हणतो, ‘मी तर फक्त डोळे मिटले होते.’ तो चिडतो, वाद घालतो, खाली अडकलेला मासा काढायला परत जातो म्हणतो. त्याचं ऐकायचं नाही. त्या दिवसापुरतं त्याचं पाण्यात जाणं बंद. खोकला येत असेल, छातीत दुखत असेल, थुंकीत फेस किंवा रक्त दिसत असेल, किंवा थोडं जरी पाणी आत गेल्याची शंका असेल, तर थेट दवाखाना, कारण फुप्फुसाला झालेला त्रास कधीकधी काही तासांनी वर येतो. बंदूक त्याच्या हातून काढून घ्यायची, होडी वळवायची, आणि घरी सोडल्यावर रात्री एकदा फोन करून विचारायचं.